शेवटचे चार किलोमीटर

"ही रेघ मधेच तुटक का?" समितीच्या अध्यक्षांनी नकाशावर बोट ठेवलं.

"पाहिलं ते सलग, अंदाजाने काढलं ते तुटक," भूगर्भ विभागाच्या बाई म्हणाल्या. "जमीन फाटून सरकलीय, त्या भेगेची रेघ आहे ही. शेवटचे चार किलोमीटर चालायचे राहिले. निधी थांबला, जीप परत बोलावली."

"म्हणजे काम अपूर्ण. अपूर्ण कामाला पुढचा निधी नाही."

"निधी द्या, पूर्ण करते."

"आधी पूर्ण करा," म्हणून अध्यक्ष चहाकडे वळले. देखरेख म्हणतात ती हीच. आयुष्यात डोंगर न चढलेल्या पाच जणांनी, तीस वर्षं डोंगर तुडवलेल्या बाईंना जाब विचारायचा.

बाहेर आल्यावर सर, म्हणजे बाईंचे वरिष्ठ, हळूच म्हणाले, "बाई, टाका ना जोडून. कोण बघायला जातंय?"

"बघायला जायलाच तर पैसे मागतेय, सर."

"आणि विभाग बंद पडला तर? अकरा जणांच्या पोटाचा प्रश्न आहे."

रेघ जिथे तुटक होती, त्याच दरीत शाळा बांधायची होती. तुटक रेघ दिसली की बांधकामवाले आधी खणून बघतात. सलग दिसली की रेघेपासून दूरची जमीन पक्की समजून मोकळे होतात.

त्यांनी रजा टाकली. "गुडघे बघ जरा स्वतःचे," नवरा कुरकुरला आणि डबा घेऊन स्वतःही बसमध्ये चढला. दोन दिवस दोघं दरीतल्या ओढ्याच्या काठाने चालले. भेग सापडली, पण अंदाजापेक्षा पाचशे मीटर पूर्वेला. तिथल्या दगडाचा पार चुरा झाला होता. नवऱ्याने मूठभर उचलला, तर तो पिठासारखा बोटांतून गळला.

"दौरा मंजूर होता का?" सरांनी विचारलं.

"रजेवर गेले होते. स्वतःच्या खर्चाने."

"मग ही नोंद धरता येणार नाही. समिती विचारेल, कुठल्या निधीतून पाहिलंत?"

"त्या दगडालाच विचारा म्हणावं, कुठल्या निधीतून फुटलास!"

बाईंनी सही नाकारली, तर सरांनी केली. नकाशा छापला गेला, रेघ जुन्याच जागी, सलग. निधीही आला. बाईंनी बांधकाम खात्याला स्वतः पत्र लिहिलं. 'योग्य मार्गाने पाठवावे' असं उत्तर आलं. योग्य मार्ग सरांच्या टेबलावरून जात होता.

काही महिन्यांनी त्या खात्याचं आभाराचं पत्र सरांनी सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. नकाशा इतका स्पष्ट होता, की वेगळी तपासणी करावी लागली नाही. शाळेचा पाया रेघेपासून सुरक्षित अंतरावर, पूर्वेला पाचशे मीटरवर घातला आहे.

बाकीच्या दहा जणांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मनापासून होत्या, बाईंना तेच जास्त लागलं. पत्रासोबत नकाशाची एक प्रत जोडलेली होती. ती हातोहात फिरत बाईंपर्यंत आली. खाली कोपऱ्यात 'प्रत्यक्ष पाहणी' या शब्दांपुढे एकच नाव छापलेलं होतं. बाईंचं.