चिमाजीच्या खिशातली डबी

मित्रांनो, माझ्या अंगाला अजून विडीचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. मी पत्र्याची एक जुनी डबी आहे. भोरच्या बाजारातून आले आणि वेल्ह्याच्या डोंगरात शेळ्या राखणाऱ्या चिमाजीच्या खिशात उभा जन्म काढला. विडी काढण्याआधी तो झाकणावर नखाने टक्‌टक् करी. मग झुरका, मग खोकला. खोकला असा, की पलीकडच्या डोंगरावरचा बिबट्या वाट बदलायचा. खोटं वाटत असेल तर बिबट्याला विचारा!

पण यंदा चिमाजीला चढ चढवेना. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी विडी बंद केली आणि तल्लफ भागवायला निकोटिनचं च्युइंगम दिलं. ते माझ्या पोटात आलं. चिमाजीने पहिलंच कचाकचा चावलं, आणि लागल्या उचक्या.

त्याची बायको ठकुबाई म्हणाली, "अवो, बाईंनी काय सांगितलं? जरा चावायचं, मग गालात धरायचं. शेळीवानी रवंथ करा की!"

"म्हंजी आता म्या शेळी व्हय?"

"शेळी बरी. ती इडी वडत न्हाई."

रवंथ जमलं, पण जीव थाऱ्यावर येईना. झाकण उघड, झाकण मीट. माझी बिजागरी दुखायला लागली. कुत्र्यावर ओरड, काठीवर ओरड.

खोकला मात्र ओसरला, आणि नवीच पंचाईत झाली. एका संध्याकाळी शेळ्या खाली उतरेनात. चिमाजीच्या हाकेला त्यांनी कधी भीक घातली नव्हती. त्यांना सवय खोकल्याची. अंधारून येत होतं, आणि सकाळीच ओढ्याकाठी बिबट्याचे ठसे दिसलेले.

शेजारच्या कुंडलिकने विडी पुढे केली. "घे, आप्पा. दोन झुरकं मार अन् खोक. येत्याल पळत."

चिमाजीने विडी घेतली. माझ्या पत्र्याला घाम फुटला. विडी बोटांत येताच सवयीने त्याने मला खिशातून काढलं, अन् त्याचं नख माझ्या झाकणावर पडलं. टक्‌टक्.

वर झुडपात घंटी किणकिणली.

त्याने पुन्हा वाजवलं. काळी शेळी पुढे, अन् मागून सारा कळप खळाळत उतरला. एवढासा आवाज डोंगरावर कसा गेला, म्हणता? शेळीचे कान कधी जवळून बघितलेत?

चिमाजीने विडी परत केली. "ठिव तुलाच. माजी डबी हाय हितं."

मित्रांनो, तल्लफ काही मेलेली नाही. परवा टपरीपाशी त्याचे पाय रेंगाळले, तेव्हा मी खिशात जिवाच्या आकांताने खडखडले. तुमच्या घरात कुणी विडी सोडत असेल, उगाच चिडत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्यापुढे विडी तर मुळीच धरू नका. आणि त्याची जुनी डबी फेकू नका. फक्त आतली विडी काढा, अन् तिला त्याच्या खिशात राहू द्या.