बाबांनी लावून ठेवलेला आकडा

मी एक टॉर्क पाना आहे. बोल्ट जितका आवळायचा तो आकडा माझ्या मुठीवर लावायचा; तितका आवळला गेला, की मी 'कट्' असा आवाज करतो. वयाने फार जुना नाही, पण माझी मूठ हाताळून गुळगुळीत झाली आहे. माझी गोष्ट एका रविवारच्या संध्याकाळपासून सांगतो, कारण पुढे कितीतरी महिने मी त्याच संध्याकाळी अडकून पडलो होतो.

घरामागच्या शेडमध्ये गाडीचे इंजिन उघडून ठेवलेले होते. बाबा त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, बसवत होते. हेडचे बोल्ट एका दमात आवळत नाहीत. आधी मधले, मग कडेचे, आणि तेही तीन फेऱ्यांत. शेजारी त्यांची मुलगी दिवा धरून उभी होती. तिच्या पिशवीत सदा एखादे जाडजूड पुस्तक असे, म्हणून बाबा तिला पुस्तकबाई म्हणत. दुसरी फेरी संपली. बाबांनी माझी मूठ फिरवून तिसऱ्या फेरीचा आकडा लावला.

"कंटाळलीस ना, पुस्तकबाई? जा आत. उरलेलं मी करतो."

हे ते दर रविवारी विचारत आणि ती उत्तर न देता दिवा पुढच्या बोल्टवर नेई. त्या दिवशीही तिने तेच केले. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "जेवण गार झालं तर माझ्या नावाने ओरडायचं नाही, सांगून ठेवते!"

"चला, हुकूम आला," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी पहिलं काम हेच." आणि आकडा तसाच ठेवून त्यांनी मला टेबलावर ठेवले.

पहाटे बाबा झोपेतच गेले.

मित्रांनो, दुःखाचे सांगायचे ते एवढेच. एरवी माझे आयुष्य मोठ्या मजेचे आहे.

मी या घरात आलो तो मामाच्या मनगटामुळे. इंजिन खोलले त्याच महिन्यात आईचा भाऊ मदतीला आला. "टॉर्क पाना कशाला? माझ्या मनगटात मीटर आहे," असे म्हणून त्याने एक बारीक बोल्ट आवळला. बोल्टचे डोके तुटून त्याच्या हातात आले.

बाबा शांतपणे म्हणाले, "मेहुणे, मीटर दुरुस्तीला टाका."

मग बापलेक दुकानात आले. दुकानदाराने सगळ्यात लांब पाना पुढे केला. "हा घ्या. लहानमोठं सगळं यातच भागतं. अख्ख्या घराला एक पुरे."

"काका, तुमच्याकडे चपलाही अख्ख्या घराला एकच जोड असते का?" मुलीने विचारले.

दुकानदार हसला आणि लांब पाना मागे गेला. बाबांनी तिला समजावले, की मोठा पाना बारीक बोल्टवर लावला तर हाताला काही कळत नाही, आणि मुठीवरच्या पट्टीच्या अगदी खालच्या आकड्यांवर त्याचा भरवसाही नसतो. आपले काम ज्याच्या मधल्या आकड्यांत बसेल, तोच पाना घ्यायचा. म्हणून आम्ही दोघे निवडलो गेलो. हेडसाठी मी, आणि बारीक बोल्टांसाठी माझा धाकटा भाऊ. एक न वाजणारा, काट्याने आकडा दाखवणारा पानाही होता. साधा, बिनस्प्रिंगचा, बाबांना तो फार आवडला होता. पण मुलीने मला ओढून पाहिले. कट्!

"बाबा, हा बोलतो. हाच घेऊ."

अशी माझी निवड झाली. धाकट्याला कोणी विचारलेच नाही, तो माझ्याबरोबर आला. हे मी त्याला अजून अधूनमधून ऐकवतो.

बाबांचे नियम कडक होते. कट् वाजले की थांबायचे. मला वापरून बोल्ट सैल करायचा नाही. काम संपले की आकडा तळाला आणायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबात राहून थकते. हा शेवटचा नियम त्यांच्याकडून आयुष्यात एकदाच मोडला.

शेड बंद राहिली. माझ्यावर धूळ साचली आणि आत स्प्रिंग दाबलेलीच होती. मग एका सकाळी मुलगी आणि मामा आले.

"अगं, कोण जोडणार आता हे? देऊन टाकू," मामा म्हणाला.

तिने मला उचलले आणि मुठीवरची धूळ पुसून आकडा पाहिला.

"मी जोडणार."

"बरं, जोड. पण हा पाना फेक. इतके महिने दाबात होता. आता खोटं बोलणार तो."



"आधी त्याला विचारून तर बघू," ती म्हणाली. तिने माझे तोंड टेबलावरच्या पकडीत आवळले, मुठीला बादली अडकवली आणि किती वजनाला मी वाजायला हवे याचा हिशेब मांडला. मामा तांब्याने मोजून पाणी ओतू लागला. मी हिशेबापेक्षा दोन तांबे आधीच वाजलो!

"बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"खोटं नाही बोलत रे मामा. थकलाय फक्त."

ती मला आणि धाकट्याला घेऊन त्याच दुकानात गेली. "चपलांचा जोड आणलात वाटतं!" दुकानदार म्हणाला. मग दाराकडे बघत, "बाबा नाही आले?"

"नाही. मीच आले."

त्याने मला हातात घेतले आणि माझी स्प्रिंग जीव लावून नीट केली.

पुढच्या रविवारी तिने साध्या पान्याने ते अर्धवट आवळलेले हेड उतरवले, त्याखाली नवे पॅकिंग टाकले आणि पहिल्या फेरीपासून सुरुवात केली. दिवा मामाकडे होता.

"हात भरून आला गं."

"का? मीटर बंद पडलं?"

तिसऱ्या फेरीचा शेवटचा बोल्ट. कट्. ती थांबली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. ठेवताना आम्हाला मोकळे करून ठेवा. उद्या सकाळी पुन्हा लागणार असलो, तरीही.

ती माझी मूठ सावकाश उलटी फिरवू लागली. मामाने दिवा खाली ठेवला. "कंटाळलीस ना? जा आत, हत्यारं मी आवरतो."

आकडा तळाला आला. तिने मामाकडे पाहिले नाही. तिचा हात इंजिनावर होता.

"नाही. एकदाही नाही कंटाळले, बाबा."