कुंडलिकाचा ढेकर

नीरेच्या वरच्या अंगाला साखर कारखाना निघाला, आणि पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात डोहातले शिंपले खाऊन सगळी वस्ती ओकून आडवी झाली. तरी शिंपल्यांचं कालवण सोडायला कुणी तयार नव्हतं! मग आबासाहेब पाटलांनी तोड काढली. दर खेपेला पहिलं भगुलं शिजलं की एकानं आधी खायचं, आणि दिवस मावळेतो तो धड राहिला तरच बाकीच्यांनी तोंड लावायचं. या मानाला कुंडलिक निवडला गेला, कारण त्या उन्हाळ्यात एकटा तोच धड राहिला होता. वस्तीनं ते शिंपले खाल्ले त्या दिवशी त्याची एकादशी होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि त्यानंही आठवण करून दिली नाही.

मान मोठा होता. पारावर घोंगडी अंथरली जायची, सगळे 'कुंडलिकराव' म्हणायचे. पण जीव कुणाला नको असतो? "चारचौघांत मला घास उतरत न्हाय," म्हणत गडी वाडगा घरी न्यायचा आणि परड्यात शेजारच्या प्रयागबाईच्या मांजरापुढं ठेवायचा. मांजर मिशा चाटत उन्हात लोळलं, की संध्याकाळी हा पारावर येऊन असा ढेकर द्यायचा की घरोघरी ताटं वाढली जायची.

पुढं त्याची लेक जयवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला डोहाळे शिंपल्यांचेच. धीर न निघून तिनं भगुलं चुलीवर चढवलंसुद्धा आणि बापाच्या ढेकराची वाट बघत बसली. इकडं परड्यात मांजर तोंडाला फेस आणून पडलं.

कुंडलिकानं ते बघितलं. विष आहे म्हणावं, तर लोक विचारणार, मग तू कसा उभा? तो पारावर जाऊन गडबडा लोळायला लागला. "मेलो! शिंपलं खाऊ नका!"

आबासाहेब वाकून म्हणाले, "कुंडलिकराव, काल लग्नात तुमी किती बुंदी हाणली, आमी बघितलंय. शिंपल्याला कशाला नाव ठिवता?" सगळे हसले. एवढ्यात जयवंता ओव्याचं पाणी घेऊन आली.

"तात्या, ह्ये प्या आन् पडा. माजं कालवण उतरलंय, मी जेवून घेते."

कुंडलिक ताडकन उठून बसला. "पोरी, हात लावू नगं! म्यां खाल्लंच न्हाय. कंदीच खाल्लं न्हाय! मांजराला घालत हुतो, त्ये पडलंय परड्यात!"

मग घरोघरची भगुली उकिरड्यावर रिती झाली. जयवंता वाचली, पण बापाशी बाळंत होईतो बोलली नाही. मांजरही ताक पिऊन उठलं.

पुढच्या उन्हाळ्यात पारावर घोंगडी अंथरली गेली, ती मांजरासाठी. कुंडलिकाकडं वाडगा धरायचं काम आलं. मांजरानं वास घेतला, पाठ फिरवली, आणि लोक मुकाट्यानं टोपल्या उचलून शिंपले परत डोहात सोडायला निघाले.

"आरं थांबा! यंदा मी खातो की, तुमच्या म्होरं खातो!" कुंडलिक अगदी कळवळून म्हणाला.

प्रयागबाईनं मांजर उचलून कडेवर घेतलं. "ऱ्हाऊ द्या, कुंडलिकराव. ह्येला खोटा ढेकर देता येत न्हाय."