निरोपाचं भाषण

विनोदी कादंबरीकार दर रविवारी वर्तमानपत्रात एका बढाईखोर पोस्टमास्तरची काल्पनिक रोजनिशी लिहीत असे. एका सकाळी खरेखुरे पोस्टमास्तर बगलेत कात्रणांची फाईल घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. आता आपली हजेरी घेतली जाणार, असं धरून लेखकाने खुर्ची पुढे केली.

पण पाहुण्यांना भांडायचं नव्हतं. "तुमचा पोस्टमास्तर तीन रविवार आरशासमोर निरोपाच्या भाषणाची तयारी करतोय," ते म्हणाले. "दर वेळी तो घसा खाकरतो आणि तिथेच तुम्ही थांबता. पुढे तो बोलतो तरी काय?"

"अजून सुचलं नाही," लेखकाने कबूल केलं. "पण तुम्हाला एवढी घाई कसली?"

"गुरुवारी मी निवृत्त होतोय. चौतीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, पण स्वतःचं काही लिहायला बसलो की कागद कोराच राहतो."

आता लेखकालाच चैन पडेना. गुरुवारी तो टपाल कचेरीत जाऊन मागच्या बाकावर बसला. पोस्टमास्तर उठले, घसा खाकरला आणि बराच वेळ एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उद्या खिडकी कोण उघडणार, ते ठरलंय ना?"

तिकीट विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी उघडीन, साहेब."

त्या रविवारच्या रोजनिशीत लेखकाने हेच भाषण जसंच्या तसं उतरवलं, पदरचा एक शब्दही घातला नाही.