वर कोण होतं

“ताई, जरा तिकडे होता का? तुमची सावली पडतेय त्यांच्यावर,” फोटोग्राफर म्हणाला.

दक्षता केणे उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. घोडबंदर रोडवरचं, एकविसाव्या मजल्यावरचं हे घर तिच्या चढाईतल्या जोडीदाराचं, भावेशचं. मुरबाडकडच्या एका सुळक्यावर आजवर कुणी चढलं नव्हतं. तो या दोघांनी सर केला होता. एका इंग्रजी मासिकाची वार्ताहर समिधा त्यावर लिहिणार होती, म्हणून दक्षता ड्यूटी बदलून कोपरहून आली होती. कल्याणच्या एका इस्पितळात ती नर्स होती आणि चौदा वर्षं सुट्टीच्या दिवशी कातळ चढत होती.

समिधाने भावेशला बूट, आहार, परदेशातले कडे, सगळं विचारलं. मग खिडकीकडे वळून म्हणाली, “आणि तुम्हाला घरून परवानगी कशी मिळाली?”

“सासूबाई डबा भरून देतात,” दक्षता म्हणाली. बसमध्ये तिने मनाशी बरंच काही जुळवून आणलं होतं. ते कुणी विचारलं नाही.

“अॅक्च्युअली, पुढे दक्षता होती,” भावेश म्हणाला. समिधाने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

महिन्याभराने अंक आला. दोरावर चढणाऱ्या भावेशचा ड्रोनने काढलेला पानभर फोटो, खाली त्याचं नाव. लेखात दक्षता एका ओळीत होती: ‘सोबत एक स्थानिक मदतनीस’.

संध्याकाळी भावेशचा फोन आला. “मी सांगितलेलं गं त्यांना.”

“एकदा सांगितलंस.”

“चुकलंच माझं. परत बोलू का?”

“राहू दे,” म्हणून तिने फोन ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

तिच्या सासूबाई, तुळसा, अंक घेऊन दाराशी उजेडात बसल्या होत्या. उमेदीची वर्षं त्यांनी मिठागरात टोपल्या वाहिल्या होत्या, अक्षरओळख नव्हती. फोटोवरून त्यांचं बोट सावकाश वर सरकत होतं.

“दक्षता, यो दोर वरशी आयलाय ना?”

“हो.”

“मंग वर कोन व्हता?”

दक्षताने वाकून फोटो पाहिला. दोर पानाच्या वरच्या कडेपर्यंत ताठ गेला होता. तिथे फोटो संपत होता.

“मी होती, आई. मी आधी चढली. मग दोर धरून त्याला वर घेतला.”

“यांत लिवलाय तसा?”

“नाही.”

तुळसाबाईंनी अंक मिटला. “आमचे मिठागरान पन फोटू कारनारे येवाचे. मिठाचे राशीचा फोटू कारून जावाचे.” एवढं बोलून त्यांनी अंक दक्षतापुढे ठेवला.

दक्षताने हातातली घडी बाजूला ठेवली. मग तिने समिधाचा नंबर लावला.

“मी दक्षता केणे बोलते. तुमच्या फोटोतला दोर वर मी धरला होता. तो सुळका पहिल्यांदा मी चढले.”

समिधा हळू आवाजात म्हणाली, “मी विचारलंच नाही तुम्हाला. आता सांगाल? कशा चढलात?”

“पायथ्यापासून सांगते,” दक्षता म्हणाली.

घरातही हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुळसाबाईंनी उठून टीव्ही बंद केला आणि ऐकायला तिच्या जवळ येऊन बसल्या.