काचेवरचा पिवळा पंजा

मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणालो म्हणून हसू नका, मित्रांनो. माझे वय फार नाही, पण माणसांनी एकदा भंगारात काढले की कोणीही एका दुपारीत म्हातारा होतो. सध्या मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका शोरूमच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यात पडून आहे. खोक्यावर लिहिले आहे, 'खराब'. हा शब्द मला मिरचीसारखा झोंबतो. म्हणून आज मी सगळे सांगणार आहे, आणि गोड गोड बोलून मुळीच सांगणार नाही.

एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या काचेमागे, आरशाच्या वर मला बसवले होते. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा वाचायच्या आणि गाडी रेघ सोडू लागली की स्टिअरिंग हलकेच वळवायचे, हे माझे काम. खाली बंपरमध्ये माझा जोडीदार होता, रडार. पुढच्या गाडीपासूनचे अंतर पाहून तो वेग कमीजास्त करायचा. आम्ही दोघे चालकाचे मदतनीस होतो. मदतनीस, मित्रांनो! चालक नव्हे.

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या तनुजाने मालकाला हे नीट सांगितले होते. "सर, हात स्टिअरिंगवरच ठेवायचे. आणि कॅमेऱ्यासमोरची काच कायम साफ ठेवा." मालक, म्हणजे शिवशंकर, तेव्हा गाडीला हार घालून फोटो काढण्यात दंग होता. "व्हय, व्हय," म्हणाला. त्या 'व्हय, व्हय'ची किंमत पुढे दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली.

शिवशंकर वाळूजच्या एका कंपनीत साहेब आहे. घराणे मात्र वैजापूरकडचे, मेंढरे राखणारे. त्याची आई सुगंधाबाई त्याच्याकडे शहरात राहते. तिचा भाऊ कडुबा अजून मेंढरांमागे गावोगाव फिरतो. चालणे हेच त्याचे जगणे.

शहरात माझे हाल कुत्रा खात नव्हता. जालना रोडवर रेघा अर्ध्या पुसलेल्या, उरलेल्यांवर डांबराची ठिगळे. मी वाचू काय, कपाळ? रडार बिचारा पुढच्या गाडीपासून अंतर राखायचा, तर त्या फटीत रिक्षा घुसायची. तो ब्रेक लावायचा, मागचे हॉर्न बडवायचे आणि शिवशंकर ओरडायचा, "लई भित्री गाडी हाय ही!" नियम पाळला की भित्री! हा कुठला न्याय?

समृद्धी महामार्गावर मात्र रेघा स्वच्छ होत्या. तिथे मी मन लावून काम केले आणि तिथेच माझा घात झाला. शिवशंकरने दोन्ही हात हवेत धरले. "शालू, बघ! गाडी आपोआप चालती!" त्याची बायको शालू म्हणाली, "आधी पुढं बघा तुम्ही." तिचे कोण ऐकतो? मी वाजून वाजून थकलो, तेव्हा त्याने एक बोट स्टिअरिंगला लावले आणि लगेच काढले. 'आपोआप' या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे.

मग चंपाषष्ठी आली. सगळे शहरालगतच्या सातारा गावातल्या खंडोबाला गेले. दर्शन झाल्यावर सुगंधाबाईने भंडारा तेलात कालवला, येळकोट केला आणि लेकाच्या गाडीला नजर लागू नये म्हणून काचेवर मधोमध, अगदी वर, आपला पंजा उठवला. बरोबर माझ्या डोळ्यासमोर. मला सगळे जग पिवळे आणि आंधळे झाले. तिच्यावर माझा राग नाही. तिला काय ठाऊक, तिथे कोणी बसले आहे?

राग आहे तो शिवशंकरवर. गाडी सुरू केली की रोज पडद्यावर अक्षरे यायची : कॅमेरा झाकला आहे, काच पुसा. तो रोज बटण दाबून ती घालवायचा. देवाचा भंडारा पुसायचा कसा, म्हणून हात धजत नव्हता. ठीक आहे, नका पुसू. पण मग स्टिअरिंग तरी धरा! नाहीतर आईला एक शब्द विचारा! ते करायला त्याला लाज वाटली. शेखी मिरवायला वाटली नाही.

त्या दुपारी तो आईला घेऊन वैजापूरच्या रस्त्याने निघाला होता. पुढे एक ट्रक होता. रडार एकटाच त्याच्या मागे अंतर राखून चालला होता. शिवशंकरने स्टिअरिंगला जेमतेम दोन बोटे लावली, एक पाय मांडीखाली घेतला आणि मागे वळून आईला म्हणाला, "माय, बघ, पाय बी लावला नाय मी."

तेवढ्यात ट्रक एकदम बाजूला झाला. समोर मेंढरे होती. रडारला लोखंड चटकन कळते, लोकर कळत नाही. त्याला वाटले, रस्ता मोकळा झाला, आणि त्याने वेग वाढवला. मी तिथेच होतो, मित्रांनो, काचेला नाक लावून, आणि मला पिवळ्या रंगापलीकडे काही दिसत नव्हते!

"आरं, कडुबा हाय त्यो! थांब!" सुगंधाबाई किंचाळली. शिवशंकरचा पाय मांडीखालून निघून ब्रेकवर पडेपर्यंत फार उशीर झाला. दोन मेंढ्या गेल्या. तिसरीला ओढायला धावलेला कडुबा काचेवर आदळला आणि काच तडकली. त्याचा जीव वाचला. मांडीचे हाड मात्र असे मोडले, की डॉक्टर म्हणाले, आता मेंढरांमागे फिरणे विसरा.

आणि दोष कुणाला? मला! "गाडीनं दगा दिला," शिवशंकरने शोरूममध्ये येऊन टेबल आपटले. काच बदलली, मला उपटून या खोक्यात टाकले आणि माझ्या जागी नवा कॅमेरा आला.

गाडी न्यायच्या दिवशी सुगंधाबाई सोबत आली. तिने पदराआडून भंडाऱ्याची पिशवी काढली आणि माझा जीव खालीवर झाला. पण तिने तनुजाला विचारले, "पोरी, ह्या गाडीचा डोळा कुठं असतू?"

तनुजाने काचेवर बोट ठेवले. सुगंधाबाई बघतच राहिली. "म्हंजी म्याच झाकला व्हय?"

"मावशी, गाडी रोज सांगत असणार. समोर पडद्यावर येतं ते."

"तुला दिसत व्हतं, शिवा?"

"व्हय," शिवशंकर म्हणाला. सुगंधाबाईने त्याला चालकाच्या जागी बसवले, त्याच्या दोन्ही तळव्यांना भंडारा चोळला आणि ते हात स्टिअरिंगवर दाबून धरले.

"माझ्या भावाचा पाय गेला. काच तुझी साफ राहू दे. भंडारा आता ह्या हातांला लावलाय. उचल बघू आता हात!"

त्याने उचलले नाहीत. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मला ते दोन पिवळे हात दिसत होते.

मित्रांनो, मी इथेच पडून राहणार, त्याचे मला काही नाही. पण तुमच्या घरचे कोणी गाडीत बसून 'ही आपोआप चालते' म्हणाले, तर गप्प बसू नका. भांडा. कडुबा आता बाजेवर बसून असतो, आणि त्याच्या मेंढरांमागे दुसराच कुणीतरी चालतो.