मेणावरचा रंग

मुलीने मेणबत्तीचा तुकडा कपाटाच्या दाराच्या कडेवर टेकवला आणि जोर देऊन वरून खाली घासत आणला. मग मुठी बसायच्या जागेभोवती, मग खालच्या कोपऱ्यांवर, जिथे वर्षानुवर्षं केरसुणी आपटली असती तिथे. कपाट कंबरेएवढं, दोन दारांचं, जुन्या बाजारात एका मोडक्या टेबलाखाली सापडलेलं. त्यावर तपकिरी रंगाचा हात मारून तिने आधीच वाळवला होता. आता मेण, मेणावर फिकट निळा रंग, आणि तो वाळला की पॉलिश पेपर. मेण असतं तिथे वरचा रंग धरत नाही. घासला की निघतो आणि खालचा तपकिरी दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, हे कपाट तीन पिढ्यांनी उघडलं-मिटलं आहे. लोकांना अशीच कपाटं हवी होती, आणि मुलीचं बरं चाललं होतं.

दारांच्या मुठी मात्र आणायच्या राहिल्या होत्या. निळ्या रंगाचा डबा ढवळून, झाकण नुसतं वर ठेवून ती त्या शोधायला बाहेर पडली. वडील गॅलरीत खुर्चीवर बसले होते. जाताना तिने त्यांना सांगितलं की तासाभरात येते. त्यांनी मान हलवली.

गल्लीत त्यांना सगळे पेंटर म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची दारं रंगवली, खिडक्या, शाळेची बाकं, दवाखान्यातल्या खाटा. रंगात ब्रशचा एक केस अडकलेला दिसला तर अख्खं दार खरवडून पुन्हा करत आणि मालक नको नको म्हणाला तरी ऐकत नसत. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले आणि इथे बघतात तर काय, चांगला बसलेला रंग पोरगी मुद्दाम उडवत होती. पहिले आठ दिवस ते काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "धडधाकट माणसाला लंगडायला शिकवतेस. चांगला धंदा आहे."

ती हसली होती. तेव्हा त्यांना हसून उत्तर देता यायचं.

मग डोळे गेले. तसे सगळे गेले नाहीत. मधलं गेलं, कडेचं राहिलं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. डॉक्टर म्हणाले, आता यावर औषध नाही, आहे ते जपा. ते ऐकून पेंटर घरी आले आणि त्यांनी आपला चार इंची ब्रश धुऊन, केस विंचरून, कागदात गुंडाळून ठेवला. महिन्यातून एकदा तो कोरडाच बाहेर काढून पुन्हा धुवायचे. माणूस कामातून गेला की घरातून जायला वेळ लागत नाही, असं ते एकदा शेजाऱ्याला म्हणाले होते. मुलीने ते आतून ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना लहानसहान कामं द्यायला लागली. स्क्रू निवडून ठेवा, बिजागऱ्या पुसा. ते निवडत. चुकीचे निवडत. ती स्वयंपाकघरात नळ सोडून पुन्हा निवडायची, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. ही कामं कशासाठी दिली जातात हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतं हे तिलाही कळत होतं. पण बोलून काय होणार होतं.

ती परतली तेव्हा दारातच रंगाचा वास आला. पेंटर कपाटासमोर स्टुलावर बसले होते, हातात तो चार इंची ब्रश. कपाट निळं झालं होतं.

"तुला उशीर झाला म्हणून म्हटलं, एक हात मारून ठेवावा," ते म्हणाले. "मारता मारता दोन झाले."

पहिला वाळायच्या आत दुसरा मारलेला होता. दारांवरून ओघळ उतरले होते, खाली त्यांचे थेंब गोठत होते. डाव्या दाराच्या बरोबर मध्यावर तळहाताएवढा तुकडा रंगवायचाच राहिला होता, आणि ब्रशचे तीन केस तिला उभ्या उभ्याच दिसले. ऑर्डर होती, गुरुवारी गिऱ्हाईक येणार होतं; पण तिची नजर त्या तीन केसांवरून हटेना.

"कसा बसलाय?" त्यांनी विचारलं. मान तिरकी करून ते तिच्या कानाकडे बघत होते.

"छान बसलाय," ती म्हणाली.

"मेण लावलं नव्हतंस ना? मी नीट बघून घेतलं. एवढंसुद्धा नव्हतं कुठे."

"नव्हतं लावलं."

खोटं इतकं सहज आलं की तिची तिलाच भीती वाटली.

त्यांचं एकच मागणं होतं. या कपाटाला पॉलिश पेपर लावायचा नाही. गुरुवारी येणाऱ्या बाईंना आधी असंच दाखवायचं. एकदा खरं काम बघू देत, मग त्यांना पटेल ते करायचं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सगळं खरवडून नव्याने करायचं तिने ठरवलं. पण पेंटर सकाळीच दाढी करून, केस विंचरून कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसले. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून दाढी केली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला बोलावून त्यांनी कपाट दाखवलं. शेजारी कपाटाकडे बघत राहिला, मग मुलीकडे, आणि म्हणाला, वा. दिवसभर ते दारांवरून हात फिरवत होते. थिनर आणि पॉलिश पेपरने त्यांच्या बोटांची कातडी केव्हाच दगड झाली होती, तिला गुळगुळीत काय आणि खडबडीत काय. हात फिरे तिथला रंग सुटत होता. बुधवारी कडा उघड्या पडल्या, मुठींच्या जागेभोवती पोपडे आले. पेंटर झोपले की ती जमिनीवरचा निळा चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. तिने गिऱ्हाईकाला फोन करून चार दिवस मागितले. बाई म्हणाल्या, मी त्याच बाजूला येतेय, नुसतं बघून जाईन.

बाई लोकांची घरं सजवून देत. दारातच त्यांना गाठायचं आणि हळूच सांगायचं, हे झालेलं नाही, पण वडिलांसमोर काही बोलू नका, असं मुलीने मनाशी घोकून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळपासून तिने पेंटरांना बाहेर काढायचे तीन प्रयत्न केले. ते जागचे हलले नाहीत. धुतलेला शर्ट घालून बसले होते.

बाई आल्या, आणि मुलगी तोंड उघडायच्या आत तिच्या खांद्यावरून त्यांना कपाट दिसलं.

त्या थेट आत गेल्या. कपाटासमोर गुडघे टेकून बसल्या. एकेक ओघळ वरून खाली न्याहाळला. पेंटर खुर्चीत ताठ बसले.

"कोणी केलं हे?" बाईंनी विचारलं.

"मी," पेंटर म्हणाले.

"काका, मी एवढी वर्षं या धंद्यात आहे. सगळे कडा घासतात आणि म्हणतात जुनं दिसतंय. ते नाटक कळतं. हे ओघळ बघा, हे पोपडे. आणि मधेच एवढा रंग गेलेला. असं वाटतंय, कुणीतरी आंधळ्याने रंगवलं आणि मग शंभर वर्षं कुणी बघितलंच नाही." त्या मनापासून बोलत होत्या. "हे मुद्दाम करता येत नाही हो."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. आपण मधे पडायला हवं हे तिला कळत होतं.

बाई अशाच सहा खुर्च्या हव्यात म्हणाल्या. अगदी अशाच, आणि काकांच्याच हातच्या. कपाट न्यायला उद्या टेम्पो पाठवते म्हणाल्या, आणि जिना उतरतानासुद्धा त्या फोनवर कुणाला तरी याच कपाटाचं सांगत होत्या.

पेंटर उठले. चाचपत कपाटाशी गेले आणि आधी बोटं फिरवली. मग खाली वाकले आणि दारावर गाल टेकवला. सरळ झाले तेव्हा ताज्या दाढीवर निळ्या रंगाचा पापुद्रा चिकटला होता.

"मेण होतं, बाबा," मुलगी म्हणाली. तिला रडू येत होतं. "मीच लावलं होतं. म्हणून निघाला रंग. तुमचं काही चुकलं नाही. मेणावर कुणाचाच रंग टिकत नाही."

"मेण दिसतं, पोरी," पेंटर म्हणाले. "ज्याला दिसतं त्याला."

ते परत खुर्चीत बसले. गालावरचा पापुद्रा तसाच होता. पुसावा असं तिच्या फार मनात आलं, पण हात पुढे झाला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, खुर्च्या कधी येणार आहेत. ती म्हणाली, नाही घ्यायच्या आपल्याला. ते म्हणाले, घे, धंदा आहे, घरी आलेलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवतं का.

चार इंची ब्रश खिडकीत होता. कपाट रंगवून झाल्यावर त्यांनी तो धुतला होता, पण डब्यात थोडा रंग उरला होता म्हणून काल तो स्टुलाच्या पायांना मारला आणि मग तसाच डब्यात उभा करून ठेवला होता, उद्या धुऊ म्हणून. मुलीने तो उचलला. केस पूर्ण वाळून कडक झाले की ब्रश कामातून गेला; पण ते अजून मधून ओले होते, वेळ गेली नव्हती. ती नळाकडे निघाली.

"राहू दे," पेंटर म्हणाले. "वाळू दे त्याला."

ती ब्रश हातात धरून नळापाशी उभी राहिली.

"खुर्च्यांना तोच लागेल," ते म्हणाले.